वरची एकशे बावीस

किल्ली खुंटीवर बसवली आणि मनगटात जोर भरायच्या आतच खुंटी फिरली. मुकुंद परतूरकरचा हात तिच्यामागं ओढला गेला आणि पियानोच्या कडेवर आपटला. लागलं असं काही नाही, पण तो किल्ली तशीच धरून उभा राहिला. चाळीस वर्षं त्याच्या मनगटाला एकच ठाऊक होतं: खुंटी आधी अडते, मग कुरकुरते, मग नाइलाजानं केसभर हलते. ही अडलीच नाही. वरणाच्या पातेल्यात पळी फिरावी तशी फिरली. आपल्याकडं कुणी पाहिलं तर नाही ना, हे त्यानं आधी बघितलं. खिडकीपाशी भानुमतीबाई वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होत्या आणि त्यांची नात हिमानी कोचावर मांडी घालून मोबाइलमध्ये बुडाली होती. बरं झालं. या दोघींना काय कळणार होतं म्हणा, पण तरी बरं झालं.

ज्याला काही कळतं असा माणूस त्याला या शहरात भेटलाच नव्हता. संभाजीनगरात मोजून एकोणीस पियानो आणि एकोणीसच्या एकोणीस मालक गाढव, हे त्याचं कायमचं मत होतं. एका डॉक्टरनं सोफ्याच्या रंगाला जुळतो म्हणून घेतलेला, एका वकिलानं आजोबांची आठवण म्हणून ठेवलेला आणि वर गणपतीच्या आराशीतली प्लॅस्टिकची फुलं. एका बिल्डरनं पियानोच्या पोटात उंदराचं औषध ठेवलं होतं आणि वर विचारलं होतं, 'काका, याच्यात बॅटरी कुठं टाकायची?' गेटवरचे वॉचमन त्याला पेटीवाले म्हणत. क्रांती चौकातून स्कूटर काढताना चारी बाजूंनी हॉर्न बोंबलत, प्रत्येक बेसूर, आणि बेसूर असल्याची एकालाही लाज नाही. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं त्यानं फायली सरकवल्या, साहेबांच्या इंग्रजीवर मनातल्या मनात लाल शाई मारली आणि सुटीच्या दिवशी किल्ली घेऊन या गाढवांची दारं वाजवली. बायको म्हणायची, तुम्हाला चांगलं कुणी दिसतच नाही का हो? ती गेल्याला सहा वर्षं झाली. मुलगा चिन्मय कॅनडात. दर रविवारी त्याचा फोन येई आणि मुकुंदला वाटे, याचा आवाज मागच्या वेळेपेक्षा थोडा उतरलाय. राहिली होती ती ही किल्ली.

आणि हा पियानो. पियानो म्हणून त्यात विशेष काही नव्हतं. असले जर्मन उभे पियानो एके काळी मुंबईत गल्लोगल्ली पडलेले असत. पण हा मुकुंदचा पुरावा होता. पियानोची तार ज्या खुंटीला गुंडाळतात ती खुंटी जाड फळीतल्या भोकात नुसती ठोकून बसवलेली असते. लाकडानं लोखंडाला धरून ठेवायचं, एवढ्यावर सगळा कारभार. भोक सैल पडलं की खुंटी घसरते आणि सूर उतरतो. म्हणून तारा बदलायला घेतल्या की आधी भोकांचं औषधपाणी करावं लागतं. नऊ वर्षांपूर्वी मुकुंदनं याच्या सगळ्या तारा बदलल्या तेव्हा दोनशे वीस भोकं होती, खालच्या जाड आवाजाची अठ्ठ्याण्णव आणि वरची एकशे बावीस. वरची एकशे बावीस त्यानं स्वतःच्या हातानं केली होती. तेव्हापासून तो घरोघरी सांगत आला होता की खात्री करायची असेल तर समर्थनगरला भानुमतीबाईंकडं जा आणि वरची पट्टी वाजवून बघा. अर्थात कुणी गेलं नाही. तो स्वतः मात्र वर्षातून दोनदा सूर लावायला येई, आणि वरच्या काही खुंट्या अशा काही घट्ट लागत की त्याला मनातून गुदगुल्या होत. म्हणे मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पियानो टिकत नाही. हात लागतो त्याला, हात.

यंदा वरच्या तारांच्या वेटोळ्यांवर गंज दिसला होता. खालच्या तारा लख्ख होत्या. दोष कूलरचा, असं त्यानं बाईंना ठणकावून सांगितलं. खिडकीतला कूलर नऊ उन्हाळे वरच्या बाजूवर ओला वारा मारत होता. मार्चमध्ये हिमानीच्या हट्टानं कूलर निघून एसी लागला, तेव्हा आता वरच्या तारा तेवढ्या बदलल्या की काम झालं. तीन आठवड्यांनी पुण्यात तिची परीक्षा होती, आणि तोवर रियाजाला दुसरा पियानो कुठून आणणार? त्यानं दुसरी खुंटी धरली. फिरली. तिसरी. तीही. चौथी तर त्यानं किल्लीशिवाय, नुसत्या चिमटीनं फिरवून पाहिली आणि ती निमूटपणे फिरली.

"काका, हे टकटक किती वेळ चालेल?" हिमानीनं मान वर न करता विचारलं. "साडेबाराला माझा क्लासचा कॉल आहे."

"दुसऱ्या खोलीत घे तो."

"इथंच रेंज येते ना. आणि ट्यूनिंगचं ॲप आहे माझ्याकडे, पाहिजे तर देऊ? हिरवं झालं की बास."

हिरवं झालं की बास. या पोरीची बोटं चांगली होती, कान ठार होता, आणि तिला वर्षभरात चार प्रमाणपत्रं मिळाली होती; म्हणजे ती पुढं जाणार यात शंका नव्हती. त्यानं पहिली खुंटी उपटली. ती सुटून हातात आली तेव्हा तिच्या अंगाला तपकिरी चिकटा होता, गुळाच्या डब्याच्या तळाशी असतो तसा. त्यानं वास घेतला आणि त्याच्या डोक्यात, काही विचार करायच्या आत, एकच शब्द आला. सांडू.

हा शब्द असा आपोआप यायची नऊ वर्षांची सवय होती. कुठंही तार उतरली, कुठं कळ अडकली, कुठं झाकण चुकीचं बसलं, की मुकुंद म्हणे, सांडूचं काम. सांडू देवगाव रंगारीचा, शेतकऱ्याच्या घरातला, चितेगावच्या एका कारखान्यात लाकडी साचे बनवणारा पन्नाशीचा गडी. एका पियानोचा मोडलेला पाय जोडायला कुणी तरी त्याला धाडलं आणि मग तो रविवारचा रविवारी मुकुंदच्या मागं यायला लागला. काही मागायचा नाही. शर्टाच्या खिशात सुताराची चपटी पेन्सिल, दाढेखाली तंबाखू, आणि दर वाक्याला 'व्हय सर'. मुकुंदनं त्याला ठेवून घेतलं ते उचला-ठेवीला, आणि खरं सांगायचं तर कुणी तरी ऐकणारं हवं म्हणून. सांडू ऐकायचा. पण ऐकता ऐकता तो भलतंच करायचा. भोकात बारका ब्रश फिरवायचा, फुंकर मारायचा आणि करंगळी भोकाच्या काठावर टेकवून डोळे मिटून उभा राहायचा. "काय, नाडी बघतोस काय रे?" मुकुंद विचारी. "व्हय सर. लाकूड सांगतंय की." यावर मुकुंद किती हसला होता. पाटबंधारे खात्यातही त्यानं हा किस्सा नक्कल करून सांगितला होता, आणि तिथली माणसंही हसली होती, ज्यांना पियानो बसून वाजवतात की उभं राहून तेही ठाऊक नव्हतं.

याच खोलीत, याच पियानोच्या तारा उतरवून फळी उघडी पडली होती तेव्हा, सांडू बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा घेऊन आला होता. त्यानं तो जमिनीवर उघडला. आत लाकडाचे गोल तुकडे, बोटाएवढे, एकसारखे, तासून गुळगुळीत केलेले.

"गिट्ट्या हायत सर. धावड्याच्या. दोनशे वीस."

"कशाला?"

"समदी भोकं मोठी करू, गिट्ट्या बसवू, अन नव्यानं भोक पाडू. जुनं लाकूड जळल्यागत झालंय आतून. एकदाच काम व्हतंय."

"धावडा? बैलगाडीच्या आसाला घालतात तो?"

"व्हय सर. आस लई सोसतोय, तर ही एवढीशी खुंटी काय? लाकडाची रेघ आडवी ठिवलीय बगा. उभी ठिवली तर खुंटी फाडती तिला."

मुकुंदनं एक गिट्टी उचलून भानुमतीबाईंना दाखवली होती. "बघा बाई. भिंतीत कॅलेंडर टांगायला ठोकतात ना, ती ही. जर्मन पियानोत बसवायची म्हणतोय." आणि सांडूकडं वळून, "ने परत. चुलीत घाल." सांडूनं डबा बंद केला. तो रागावला असता तर मुकुंदला बरं वाटलं असतं, पण तो नुसता म्हणाला, "खालची तरी बगू द्या सर. थोडी." खालची म्हणजे घुमणारी, जाड आवाजाची; तिथं अर्धा सूर इकडंतिकडं झाला तरी या शहरात कोण मेलंय. मुकुंदनं मोठ्या मनानं खालची अठ्ठ्याण्णव त्याला दिली. सांडूनं चार रविवार लावले. एकतीस भोकांना गिट्ट्या बसवल्या, उरलेली खरवडून, घासून, पातळ गोंद पाजून वाळवली आणि जाड खुंट्या ठोकल्या. प्रत्येक भोक झालं की शेजारी त्या चपट्या पेन्सिलीनं बरोबरची खूण आणि सालाचे दोन आकडे, १६. कशाला रे हे, तर म्हणे, "कारखान्यात पद्धत हाय सर. ज्यानं केलं त्यानं खूण ठिवायची. उद्या काय झालं तर कुणाचं ते कळाय पायजे." वर तारेचं वेटोळं बसलं की खूण झाकली जाई. मुकुंदनं वरची एकशे बावीस एका दुपारीत संपवली. त्याच्याकडं दवा होती.

दवा ब्रागांझा मास्तरांची. मुकुंदनं आयुष्यात आदर केला तो या एका माणसाचा. ऐन पंचविशीत, रजा टाकून, तो मुंबईला मास्तरांच्या खोलीवर दोन उन्हाळे राहिला होता. खोली समुद्राला लागून. मास्तर ग्लिसरीन आणि स्पिरिट मोजून एका तपकिरी बाटलीत मिसळत आणि इंजेक्शनच्या सुईनं भोकात थेंब थेंब सोडत. लाकूड फुगतं, भोक आवळतं, खुंटी धरली जाते. निघताना मास्तरांनी ती बाटली त्याच्या हातात ठेवली होती आणि सांगितलं होतं, ही कुणाला दाखवू नकोस. त्यानं ती दाखवली नाही. सांडूला सुद्धा तेव्हा म्हणाला होता, तोंड तिकडं कर.

आता त्यानं मोकळ्या भोकात ब्रश घातला. केस चिकटून वर आले. त्यानं स्पिरिटनं पुसलं, पुन्हा पुसलं, आणि पातळ गोंदाचा एक थेंब सोडला. लाकडानं तो पिऊन घ्यायला हवा होता. थेंब भोकाच्या भिंतीवर तसाच राहिला, मग घरंगळत आत गेला आणि तळाशी ओला पडून राहिला. दहा मिनिटांनीही ओलाच. तेल लावलेल्या ताटाला काय चिकटणार? त्यानं शेजारच्या भोकात प्रयत्न केला, मग त्याच्या शेजारच्या. आतून लाकडाच्या पापुद्र्यांतले सांधे सुटले होते, करंगळीला ते जाणवत होतं. करंगळी भोकाच्या काठावर टेकवून आपण डोळे मिटून उभे आहोत हे लक्षात आल्यावर त्यानं हात चटकन मागं घेतला.

मग सातवी खुंटी अडली. चांगली अडली. दोन्ही हात लावावे लागले, आणि ती कुरकुरली. बघा. एसीनं चार भोकं वाळली म्हणून काय सगळी वाया गेली? ही दवाच. हा हातच. त्यानं तार सोडवली, खुंटी काढली, आणि चष्मा कपाळावर सरकवून खाली वाकला. नऊ वर्षांत इतकं खाली वाकून बघायची वेळच आली नव्हती. भोकाच्या शेजारी, वेटोळ्याखाली झाकलेल्या जागी, पेन्सिलीची एक बरोबरची खूण होती. पुढं आकडे, १९.

आधी त्याला वाटलं, भोकाचा नंबर असेल. मग वाटलं, जर्मनीतल्या कारखान्यातला असेल, शंभर वर्षांपूर्वीचा, आणि मग तो स्वतःच्याच मूर्खपणावर चिडला, कारण जर्मन लोक मराठी आकडे कशाला काढतील? भोकाभोवती एक बारीक गोल होता. फळीच्या रंगाशी जुळेल असा रंग त्याला फासलेला, पण नख मारल्यावर खालून पिवळट, घट्ट, आडव्या रेघेचं लाकूड दिसलं. धावडा. वरच्या पट्टीत. त्याच्या एकशे बाविसात.

पुढचे दोन-अडीच तास त्यानं काय केलं ते त्याला नीट कळलं नाही. हात आपोआप चालत होते. तार सोडव, खुंटी काढ, वाक, बघ. सैल, सैल, सैल, मग एक घट्ट. आणि घट्ट निघाली की त्याला आता आनंदाऐवजी धाकधूक व्हायची, कारण खाली पेन्सिल असायची. १७. १७. १९. २२. २४. हिमानीचा कॉल सुरू झाला, ती कानात बोंडं घालून कुणाला तरी इंग्रजीत हो-हो करत होती. दुपारी दोनपर्यंत वरची सगळी फळी उघडी पडली. सतरा खुणा. ज्या सतरा खुंट्यांनी त्याला वर्षातून दोनदा गुदगुल्या केल्या होत्या, त्या सतराच्या सतरा. उरलेल्या एकशे पाच त्याच्या, आणि त्यांतली एकही धड नव्हती. तो चोर, हा त्याचा पहिला विचार. माझ्या पियानोत हात घातला. गावंढळ, तंबाखू खाऊन खाऊन दात काळे झालेला, नाडी बघणारा माणूस माझ्या पट्टीत शिरला आणि माझं काम बिघडवून गेला. पण बिघडलेलं तर बाकीचं होतं. तिरस्कार त्याच्या तोंडात नेहमीसारखा जमून आला आणि थुंकायला जागा सापडेना. हे कुणाला कळणार होतं? फळीवर खुणा आहेत म्हणून कळणार. खुणा नसल्या तर सतरा घट्ट भोकं आणि एकशे पाच सैल, आणि दोष एसीचा. त्यानं अंगठा जिभेला लावला आणि पहिली खूण घासली. पेन्सिल लगेच फिसकटली. १९ मधला ९ गेला.

"परतूरकर, ते पुसू नका."

भानुमतीबाई शब्दकोड्यावरून मान वर करून बघत होत्या. चाळीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलेली बाई. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडली नसावी. "ते त्याचं आहे," त्या म्हणाल्या.

मुकुंदचा अंगठा फळीवरच राहिला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मीच बोलवते त्याला. तुम्ही येऊन गेलात की पंधरा-वीस दिवसांत वरचा एखादा स्वर उतरायचा. पहिल्या वर्षी तुम्हाला फोन केला, तर तुम्ही म्हणालात, माझं उतरूच शकत नाही, तुमचा कान बघा. मग मी सांडूला विचारलं. तो येतो, जे उतरलं असेल तेवढंच काढतो, गिट्टी बसवतो, रंग लावतो, चहा घेतो, जातो."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"मला वाटलं होतं. त्यानं नको सांगितलं."

"का?"

बाईंनी पेन वर्तमानपत्रावर ठेवलं. मग सांडूचेच शब्द जसेच्या तसे म्हणाल्या. "सरांना कळू देऊ नका बाई. त्यांना दुसरं काय हाय?"

त्यानं कुणाची कीव आयुष्यात केली नव्हती. कीव करणं म्हणजे समोरच्याला आपल्या बरोबरीचा समजणं, असं त्याचं मत होतं. तुच्छ मानलं की काम भागतं. आणि हा माणूस नऊ वर्षं, देवगाव रंगारीहून एसटीनं येऊन, त्याची कीव करत होता. गुडघे टेकून, पेन्सिलीनं खुणा करून. मुकुंद पियानोच्या स्टुलावर बसला. मग त्याला नको तेच आठवायला लागलं. तारा चढवल्यावर दोन महिन्यांनी स्वर उतरले होते आणि तो इथंच, बाईंसमोर, सांडूला म्हणाला होता, तुझ्या गिट्ट्या घसरल्या, बैलगाडी केलीस पियानोची, उद्यापासून येऊ नकोस. इतकी वर्षं त्याला हे असंच आठवत होतं: खाली घुमणारे तीन स्वर, सांडूचे. पण आता उघड्या फळीसमोर बसल्यावर त्याला तो आवाज ऐकू आला, आणि कान तर त्याचा खोटं बोलत नव्हता. तो आवाज बारीक होता. चिमणीच्या आवाजासारखा वरचा, काठावरचा. वरच्या पट्टीतला. त्यानं स्वतः त्या दिवशी हातोडीनं तिथल्या तीन खुंट्या खोल ठोकल्या होत्या, सांडू चपला घालत असताना, त्याची पाठ वळल्यावर. म्हणजे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. तेवढ्यावर तो थांबलाही नव्हता. शहराबाहेर, पैठण रस्त्यावरच्या एका निवासी शाळेत अकरा पियानो होते, त्यांना महिन्याच्या पगारावर माणूस हवा होता आणि सांडू कारखाना सोडून जायला निघाला होता. शाळेनं चौकशीसाठी मुकुंदला फोन केला. त्या माणसाला सोफे दुरुस्त करायला ठेवा, मुकुंद म्हणाला होता, आणि फोन ठेवून आपल्याच विनोदावर हसला होता. सांडू साठीपर्यंत चितेगावला साचेच कापत राहिला.

आणि मास्तर. मास्तरांची ती समुद्राकाठची खोली त्याला आठवली. भिंतीला हात लावला की ओला व्हायचा. पाव दुसऱ्या दिवशी बुरशी धरायचा. काडेपेटीच्या दहा काड्या ओढल्या तर एक पेटायची आणि मास्तर हसत म्हणायचे, इथं आग सुद्धा पोहायला शिकलीय. त्या हवेत दवा कधी वाळलीच नसणार. ती बाटली तो घेऊन आला इथं, जिथं एप्रिलमध्ये ओठ फुटतात आणि दाराच्या चौकटी तडकतात. नऊ वर्षं त्या कूलरनं दवा ओली ठेवली, गंज चढवला, आणि उरलेलं सांडूनं सांभाळलं. एकोणीस घरांत त्यानं मूर्ख शोधले होते. विसावं घर त्याचं स्वतःचं होतं आणि तिथं डोकवायचं राहून गेलं होतं.

"हिमानीचं काय करायचं?" बाईंनी विचारलं. "परीक्षा तीन आठवड्यांवर आहे."

सांगायला सोपं होतं. फळीच खराब आहे, पियानो जुना झाला, भंगारात काढा. बाईंनी ऐकलं असतं की नाही कोण जाणे, पण हिमानीनं नक्की ऐकलं असतं. तिला तसाही नवा, विजेवरचा, हेडफोन लागणारा हवा होता. हे वाक्य मुकुंदच्या ओठावर तयारच होतं आणि त्यात त्याचा आवाज नेहमीसारखाच रुबाबदार लागला असता. सतरा खुणांसकट फळी भंगारात गेली असती. त्यानं खिशातून मोबाइल काढला. नाव शोधायला वेळ लागला नाही. नऊ वर्षांपूर्वी त्यानं ते बदलून ठेवलं होतं, 'सांडू उचलू नये'. दोन महिने फोन येत राहिले होते, त्यानं उचलले नव्हते, मग ते थांबले. त्यानं लावला. चौथ्या रिंगला उचलला गेला, मागं पाण्याच्या मोटारीचा आवाज होता, शेतातला.

"कोन?"

"मी परतूरकर."

मग सांडू म्हणाला, "बोला की सर. बरं हाय न्हवं?"

मुकुंदला वेगळंच म्हणायचं होतं. चूक झाली, हे दोन शब्द त्यानं कुणाला उच्चारून दाखवले नव्हते, बायकोलासुद्धा नाही. "भानुमतीबाईंकडं आहे," तो म्हणाला. "वरच्या तारा काढल्यात. फळी उघडी आहे."

"असं व्हय," सांडू म्हणाला. खूप सावकाश म्हणाला. फळी उघडी आहे म्हणजे काय काय दिसलं असेल, हे त्याला सांगायला लागत नव्हतं. "बाईंनी सांगितलं का?"

"खुणा दिसल्या."

"पद्धत हाय सर ती. हातानं आपोआप व्हतंय. तुमास्नी दिसावं म्हनून न्हाई केलं."

"धावडा मिळेल का अजून? गिट्ट्यांना?"

"मिळंल की. किती लागतील?"

मुकुंदनं फळीकडं पाहिलं. बाई बघत होत्या. हिमानीनंही कानातलं एक बोंड काढलं होतं, कारण खोलीत काही तरी चाललंय एवढं तिला कळलं होतं. दहा-बारा असं म्हणता आलं असतं. जी फार वाईट आहेत तेवढी, बाकी मी बघतो, असंही म्हणता आलं असतं.

"एकशे पाच," तो म्हणाला. "माझ्या हातची आहेत तेवढी सगळी."

पलीकडं मोटार बंद झाली. सांडूनं केली असावी, नीट ऐकू यावं म्हणून. "मग धावडा कशाला हुडकायचा, सर," तो म्हणाला. "गिट्ट्या हायत की तयार. त्याच डब्यात. तवा दोनशे वीस कापल्या व्हत्या न्हवं? चुलीत न्हाई घातल्या. सकाळच्या गाडीनं घिऊन येतो."

मुकुंदनं फळीवरची ती अर्धवट पुसलेली खूण पाहिली.

"अन सर," सांडू म्हणाला, "म्या येस्तवर कशाला हात लावू नका."

मुकुंदच्या दुसऱ्या हातात मास्तरांची बाटली होती. ती त्यानं पिशवीतून कधी काढली ते त्याला आठवत नव्हतं. त्यानं ती खाली ठेवली, हात मांडीवर घेतला आणि म्हणाला, "नाही लावत."